एका पायाचा पायजमा

धावपट्टीच्या कडेला खांबावर
नारंगी-पांढरं जे लोंबतं
त्याला कागदोपत्री काही वेगळं नाव आहे.
आमच्या सावंगखेडात म्हणतात, एका पायाचा पायजमा.
तो मी शिवते.
दर सहा महिन्यांनी पाच पट्टे,
आणि बिलावर सही:
सुगंधा नत्थूजी खोब्रागडे, लेडीज टेलर.

इथलं ऊन रंग खातं.
मे संपेस्तोवर नारंगी पिठल्यासारखा होतो
आणि देवतळे साहेबांचा फोन येतो,
"बाई, वैमानिकाला वारा दिसत नाही."

पहिलं विमान बुधवारी आलं, बाजाराच्या दिवशी.
एकोणीस खुर्च्या. उतरले सात.
त्यातले चार सत्कारासाठीच आणलेले.
मिरच्यांच्या ढिगाआडून मान वर करत
सकवारबाई म्हणाली,
"एवढंसंच? मोठं होते का थे?"

होणार होतं.
पुण्याहून पोरगा आला, ग्रामपंचायतीच्या हॉलात
पंखा बंद करायला लावला,
कारण पडदा हलायचा,
आणि आम्ही घामेजून पाहिली त्याची रेघ:
पहिल्या वर्षी इथं, पाचव्या वर्षी तिथं,
दहाव्या वर्षी पडदा संपला
आणि रेघ छताकडे निघून गेली.

शेजारी मंगरू उईके बसला होता.
त्याची नोकरी पाखरं उडवायची.
टर्मिनलच्या छपराचं पाणी अडवून तळं केलं,
त्याला जिल्ह्यात बक्षीस मिळालं,
आणि तळ्यावर टिटव्या आल्या.
आता मंगरू सकाळी सुतळीबॉम्ब लावतो
आणि दुपारी, खडीत अंडी दिसली की,
भोवती चुन्याचं रिंगण घालतो,
गवत कापायची मशीन वळून जावी म्हणून.
"टिटवी पाय वर करून निजते," तो कानाशी लागला,
"आभाय पडलं त झेलाले.
साहेबाचं सारं हिच्याच भरोशावर हाय."

पोरानं मलाही विचारलं, तुमचा माल किती टिकतो?
म्हटलं, तोंडाशी लोखंडी कडी, ताण तिथं.
तिथं शिवण दुहेरी.
शेपटाकडे शिवायचंच नाही.
पहिल्या खेपेला मीच चुकले,
नीटनेटकं दिसावं म्हणून टोक बंद केलं,
एका रात्रीत चिंध्या.
आत आलेल्या वाऱ्याला जायला वाट नव्हती.
त्यानं लिहून घेतलं.
अहवाल आला तो जाड होता,
त्यात मला ते सापडलं नाही.

तीन वर्षांनी सवलत संपली.
आधी बुधवारचं गेलं, मग शनिवारचं.
विमानाच्या आवाजावर दुसरं दूध चढवणारा
चहावाला आता घड्याळ बघतो.
तीन भाषांत शुभ प्रवास म्हणणारी निकिता
जिनिंगच्या काट्यावर गाड्या मोजते,
आणि रिकामी गाडी निघाली की
तोंडातून अजून निसटतं तिच्या.

सौर पत्रे तेवढे कामावर राहिले.
त्यांच्या विजेवर नळाचं पाणी चढतं.
धावपट्टीच्या गवताचा लिलाव झाला,
सरत्या महिन्यांतल्या तिकिटांहून जास्त आला,
हे साहेबांनी सांगितलं, पण दार लोटून घेऊन.

परवा पुन्हा फोन.
"बाई, पायजमा."
विमान कुठंय साहेब?
थोडा वेळ नुसतं ऐकू आलं
त्यांच्या मागचं कूलरचं पाणी.
"परवाना टिकवायचाय.
विमान नसलं तरी वारा दाखवावा लागतो."

रात्री कापड बेतलं.
उरलेल्या नारंगी पट्टीत
मंगरूच्या नातीच्या दप्तराला खिसा निघाला.

सकाळी त्यानं खांबावर चढून लावला.
दहापर्यंत लोंबत राहिला मेंढीच्या कानासारखा.
मग नैऋत्येकडून भरला,
आधी तोंड, मग एकेक पट्टा.
मंगरू खाली उतरला, हात झटकले,
वहीत लिहिलं:
वारा, मध्यम.
पाखरं, अकरा.
पुढचा रकाना विमानाचा.
तिथं त्यानं पेन टेकवलं,
'नाही' लिहिलं नाही,
जागा सोडली
आणि वही मिटली.